‘टिक करून टाका, कोण विचारतंय?’

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीत, मिळून वर्षाचं उत्पन्न साधारण २ लाख ६० हजार डॉलर. राहतं घर सोडलं तर रिटायरमेंटची खाती धरून सगळी पुंजी साडेपाच लाखांच्या घरात. त्यातले ६० हजार हाताशी मोकळे. मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल. मराठी मंडळातल्या एका जुन्या स्नेह्यांनी, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, टेक्सासमधल्या एका अपार्टमेंट संकुलाचा प्रस्ताव आणला आहे. एलएलसीत (या सौद्यासाठी काढलेल्या कंपनीत) किमान ५० हजार डॉलर, ‘८ टक्के प्रेफर्ड रिटर्न’, पाच वर्षांनी विक्री आणि नफ्यात वाटा. माहिती आली ती मंडळाच्या मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. फॉर्ममध्ये ‘ॲक्रेडिटेड इन्व्हेस्टर’ (कायद्याने ठरवलेल्या उत्पन्न-मालमत्तेच्या अटीत बसणारा गुंतवणूकदार) अशी खूण करायची चौकट आहे. ‘टिक करून टाका, कोण विचारतंय?’ असं दादा म्हणाले. एलएलसी नको असेल तर हातउसने द्या, १२ टक्क्यांची प्रॉमिसरी नोट (पैसे परत देण्याचं लेखी वचन) लिहून देतो, हेही सुचवलं. आणलेल्या प्रत्येक माणसामागे दादांना काही टक्के मिळतात, असं मैत्रिणीच्या कानावर आलं आहे. त्याच वर्तुळातले एक विमा एजंट नवऱ्याचं जुन्या कंपनीतलं ४०१-के हे निवृत्तीचं खातं इंडेक्स्ड ॲन्युइटीत (विमा कंपनीची, परतावा बाजाराच्या निर्देशांकाशी जोडलेली योजना) हलवायला सांगताहेत. नवरा दोन्हींना तयार आहे. त्याच्या मते ही जागेतली गुंतवणूक, शेअरबाजाराशी तिचा संबंध नाही. मैत्रीण विचारते: यावर कायदा कोणाचा, फेडरलचा की स्टेटचा? एसईसीकडे (गुंतवणुकीच्या विक्रीवर नजर ठेवणाऱ्या फेडरल आयोगाकडे) रजिस्टर्ड आहे म्हणजे सरकारने तपासलंच असणार ना? आणि मी कागद मागितले आणि नाती बिघडली, तर काय?

ताई,

‘सरकारने तपासलंच असणार ना?’ या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तुमच्या घरातली अर्धी चर्चा त्यावर उभी आहे. अशा खासगी प्रस्तावात सरकारने बहुतेक वेळा काहीच तपासलेलं नसतं. वॉशिंग्टनने नाही, टेक्सासने नाही आणि न्यू जर्सीनेही नाही. यात बेकायदा काही नाही, कायद्यानेच तशी सूट दिलेली आहे.

ही सूट कळायला थोडं मागे जावं लागतं. अमेरिकेत गुंतवणुकीच्या विक्रीला लगाम घातला तो आधी राज्यांनी. १९११ साली कॅन्ससने कायदा केला की लोकांना शेअर-रोखे विकायचे तर आधी राज्याच्या बँक आयुक्ताकडे या. फेडरल कायदा आला त्यानंतर २२ वर्षांनी, शेअरबाजाराची १९२९ ची पडझड होऊन गेल्यावर, म्हणजे १९३३ मध्ये. एसईसीची स्थापना १९३४ ची. दोघांचा पाहण्याचा रोख वेगळा होता. कित्येक राज्यांचे अधिकारी विचारायचे, हा सौदा घेणाऱ्यासाठी रास्त आहे का? फेडरल कायदा विचारतो, जे आहे ते सगळं खरं सांगितलंय का? सौदा वाईट असला आणि तो वाईट आहे हे कागदावर नीट लिहिलेलं असलं, तर फेडरल कायद्याची तक्रार नसते. १९९६ मध्ये काँग्रेसने आणखी एक पाऊल टाकलं: मोठ्या बाजारांत नोंदलेले शेअर, म्युच्युअल फंड आणि ‘रूल ५०६’ खाली होणारी खासगी विक्री, यांची आधी तपासणी करण्याचा राज्यांचा अधिकार काढून घेतला. राज्यांकडे उरलं ते सूचनापत्र घेणं, फी घेणं आणि फसवणूक झाली तर मागे लागणं. म्युच्युअल फंडाची निदान एसईसीकडे नोंदणी असते, त्याचं माहितीपत्रक तिथे दाखल असतं. रूल ५०६ ला तीही नोंदणी लागत नाही. म्हणजे राज्याचा पहारा उठला आणि फेडरलचा तिथे मुळात बसलेलाच नव्हता.

दादांचा प्रस्ताव जवळजवळ नक्की याच खान्यातला असणार. ‘रजिस्टर्ड’ म्हणून सांगतात तो बहुधा फॉर्म डी. पहिली विक्री झाल्यापासून १५ दिवसांत एसईसीला द्यायची ती एक सूचना आहे, आणि तिचा मथितार्थ इतकाच की आम्ही नोंदणीतून सूट घेऊन पैसे उभे करतो आहोत. एसईसी त्यातला सौदा पारखत नाही. दादांना हा फरक ठाऊक नसेल, हे मी सहज मानायला तयार आहे. पण एसईसीने मंजूर केलंय असं सांगून काही विकायला कायद्याने स्पष्ट बंदी आहे, तेव्हा त्यांनी ते वाक्य थांबवलेलं त्यांच्याच भल्याचं.

हा फॉर्म तुम्ही घरबसल्या पाहू शकता. एसईसीच्या ‘एडगर’ या संकेतस्थळावर त्या एलएलसीचं नेमकं नाव टाका. नाव चहा पिताना ऐकलेलं नको, करारावर छापलेलं हवं. सहाव्या कलमात कोणती सूट घेतली ते असतं, ५०६-बी (जाहिरात न करता) की ५०६-सी (जाहिरात करून). बाराव्यात पैसे आणून देण्याबद्दल कोणाला मोबदला मिळतो त्यांची नावं. चौदाव्यात ॲक्रेडिटेड नसलेले किती लोक घेतले ते. सोळाव्यात उभारलेल्या पैशातून प्रवर्तकांच्याच, म्हणजे प्रकल्प उभा करणाऱ्यांच्याच, खिशात किती जाणार ते. विक्री सुरू होऊन महिना उलटला आणि फॉर्मच सापडला नाही, तर तो पहिला प्रश्न विचारा. आणि फॉर्मच्या बाराव्या कलमात ‘कोणी नाही’ असं असून दादांना मात्र टक्के मिळत असतील, तर तो दुसरा.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं, ही जागा आहे, शेअर नाही. हा युक्तिवाद फार जुना आहे, सुप्रीम कोर्टाने तो १९४६ मध्येच ऐकला. फ्लोरिडात हॉवी नावाची कंपनी संत्र्यांच्या बागेचे पट्टे विकायची. रीतसर जमिनीची विक्री. सोबत एक सेवाकरार, साधारण दहा वर्षांचा: मशागत आम्ही करू, फळं आम्ही तोडू, विकू आम्हीच, तुम्हाला नफ्यातला वाटा. घेणारे बहुतेक बाहेरच्या राज्यांतले, जवळच्या रिसॉर्टवर सुट्टीला आलेले, संत्र्याच्या झाडाला कधी हात न लावलेले. कंपनी म्हणाली, आम्ही जमीन विकतो. कोर्ट म्हणालं, पैसे एका सामायिक धंद्यात घातले आणि नफ्याची आशा दुसऱ्याच्या मेहनतीवर ठेवली, तर ती गुंतवणूक रोख्यांच्या (सिक्युरिटीजच्या) कायद्याखाली येते, कागदावर नाव काहीही असो. आजही वकील याच कसोटीला धरून चालतात. तुम्ही दोघांनी ट्रेंटनमध्ये एक घर घेऊन भाड्याने दिलं असतं, भाडेकरू तुम्ही शोधला असता, गळका नळ तुम्ही दुरुस्त केला असता, तर तिथे एसईसीचं काम नव्हतं. जमिनीचे, भाड्याचे कायदे राज्याचे आणि गावाचे. डॅलसकडच्या दोनशे फ्लॅटांच्या संकुलात पन्नास हजार घालून एडिसनला बसून राहायचं, याला मात्र रोख्यांचाच कायदा लागतो. हे तुमच्या बाजूचं आहे, कारण मग खोटं सांगून विकल्यास फेडरल आणि स्टेट, दोन्ही दारं तुम्हाला उघडी राहतात.

आता त्या चौकटीबद्दल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच आहे आणि तुम्ही ती एका ओळीत लिहून पुढे गेलात.

ॲक्रेडिटेड म्हणवून घ्यायला बहुतेकांसाठी दोन वाटा: मागची दोन्ही वर्षं एकट्याचं उत्पन्न २ लाखांच्या वर किंवा जोडप्याचं मिळून ३ लाखांच्या वर, आणि यंदाही तेवढं अपेक्षित, नाहीतर राहतं घर वगळून निव्वळ मालमत्ता १० लाखांच्या वर. (काही ठरावीक ब्रोकर-सल्लागार परवाने असणाऱ्यांनाही २०२० पासून मुभा आहे.) तुमचे आकडे यात बसत नाहीत. फार दूर नाहीत, पण बसत नाहीत.

मग बिगर-ॲक्रेडिटेड माणसाने घेऊच नये का? ५०६-बी खाली अशा ३५ जणांना घेता येतं, पण त्यांना धंद्यातली जोखीम जोखता यायला हवी, आणि त्यांना ताळेबंदासकट सविस्तर कागद द्यावे लागतात. ते खर्चाचं काम असल्याने बरेच प्रवर्तक त्या वाटेला जात नाहीत. शिवाय ५०६-बी मध्ये जाहीर आवाहन चालत नाही. ज्यांच्याशी प्रवर्तकाची आधीपासून खरीखुरी ओळख आहे, ज्यांची आर्थिक स्थिती त्याला ठाऊक आहे, त्यांनाच विचारायचं. तीन-चारशे माणसांच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज, ज्यातल्या बहुतेकांना टेक्सासच्या प्रवर्तकाने पाहिलेलंही नाही, त्यात बसवणं कठीण. जाहिरात करायचीच असेल तर ५०६-सी आहे. २०१२ च्या कायद्यानंतर ती मुभा मिळाली. पण तिथे प्रत्येक घेणारा खरोखर ॲक्रेडिटेड असावा लागतो आणि प्रवर्तकाने तसं पडताळून पाहावं लागतं: टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-२ हा पगाराचा दाखला, नाहीतर सीपीए (हिशेबनीस) किंवा वकिलाचं पत्र. ५० हजारांच्या गुंतवणुकीला नुसती टिक पुरत नाही.

आता हे जोडून पाहा. मेसेज सगळ्यांना गेला म्हणजे ५०६-बी डळमळीत. टिक करून टाका म्हटलं म्हणजे ५०६-सी डळमळीत. दोन्ही सुटली तर हा प्रस्ताव नोंदणीशिवाय विकला जाणारा रोखा ठरू शकतो. तेव्हा ‘कोण विचारतंय’ याचं उत्तर असं आहे की विचारायचं काम प्रवर्तकाचं होतं, आणि ते त्याने तुमच्या सहीवर ढकललं. उद्या काही बिनसलं तर त्याचा वकील पहिल्यांदा तोच कागद काढेल: बाईंनी स्वतः लिहून दिलंय की आमचं उत्पन्न ३ लाखांच्या वर आहे. तुमचे हक्क लंगडे करायला तेवढी एक खूण पुरेल. ती करू नका. नवऱ्यालाही करू देऊ नका. याबाबत माझं मत अजिबात मधलं नाही.

कायद्याने ही रेघ का मारली, तेही पाहा. या रकमेतली सगळी गेली तरी घर चालू राहील, अशाच माणसाने पूर्वतपासणी नसलेल्या सौद्यात उतरावं, एवढाच तिचा हेतू. तुमच्या ६० हजार मोकळ्या डॉलरांपैकी ५० हजार, तेही पाच वर्षं न काढता येणारे, आणि दोन वर्षांनी मुलीचं कॉलेज. कायद्याची रेघ नसती तरी हे गणित मी तुमच्यापुढे मांडलंच असतं.

आठ टक्क्यांबद्दल थोडं. ‘प्रेफर्ड रिटर्न’ म्हणजे वाटायला पैसे उरले तर आधी तुम्हाला, मग प्रवर्तकाला. पैसे उरतीलच, असं वचन त्यात नाही. मार्च २०२२ मध्ये शून्याजवळ असलेला फेडचा, म्हणजे मध्यवर्ती बँकेचा, व्याजदर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला, तेव्हा बदलत्या दराच्या कर्जावर घेतलेल्या कित्येक अपार्टमेंट प्रकल्पांनी वाटप थांबवलं, काहींनी गुंतवणूकदारांकडे वर आणखी पैसे मागितले. त्यातले पुष्कळ प्रवर्तक प्रामाणिक होते. तेव्हा करारात दोन गोष्टी शोधा: कर्जाचा दर स्थिर आहे की बदलता, आणि ‘कॅपिटल कॉल’ म्हणजे जादा पैसे मागायचा हक्क त्यांनी ठेवलाय का, न दिल्यास तुमच्या वाट्याचं काय होतं.

दादांच्या टक्क्यांकडे येते. रोखे विकून देण्याबद्दल, जमवलेल्या रकमेच्या प्रमाणात मोबदला घेणाऱ्याला साधारणपणे ब्रोकर म्हणून नोंदणी लागते, फेडरल पातळीवर आणि राज्यातही. ओळखीची माणसं जोडून दिली एवढंच, असं म्हणून ते सुटत नाही. नोंदणी आहे का ते ‘ब्रोकरचेक’ या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं. न्यू जर्सीचं ब्युरो ऑफ सिक्युरिटीज नेवार्कला आहे, राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या हाताखाली. तिथे फोन करून सामान्य माणूस विचारू शकतो की अमुक माणूस नोंदलेला आहे का, अमुक एलएलसीने आपल्या राज्यात सूचना दिली आहे का. प्रकल्प टेक्सासचा असला तरी तुम्हाला आवाहन न्यू जर्सीत झालं, म्हणून इथला कायदाही लागतो आणि टेक्सासचं सिक्युरिटीज बोर्डही आहेच. ‘फेडरल की स्टेट?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे ‘दोन्ही’ असं आहे, आणि प्रत्यक्षात लहान गुंतवणूकदाराचा फोन उचलण्यात राज्याचं कार्यालय अनेकदा जवळचं ठरतं.

नोंदणी सापडली म्हणजे सगळं आलबेल, असंही धरू नका. गुंतवणूकदारांना बुडवणाऱ्या बर्नी मॅडॉफची सल्लागार संस्था एसईसीकडे नोंदलेली होती, आणि २००८ मध्ये सगळं कोसळलं तेव्हा त्याच्याच ज्यू समाजातली कुटुंबं, धर्मादाय संस्था होरपळल्या. ‘आपला माणूस’ या विश्वासावर चालणाऱ्या फसवणुकीबद्दल एसईसी वेगळ्याने इशारे देत असते. दादा तसे आहेत असं मी म्हणत नाही. आपल्या माणसाकडे आपण कागद मागत नाही, एवढंच त्यात शिकण्यासारखं आहे.

प्रॉमिसरी नोटचा पर्याय सगळ्यात वाईट. कर्ज म्हटलं की रोख्यांचा कायदा नाही, हा समज १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने खोडून काढला. आर्कान्सा-ओक्लाहोमामधल्या शेतकऱ्यांच्या एका सहकारी संस्थेने जास्त व्याजाच्या नोटा लोकांना विकल्या, संस्था बुडाली, आणि कोर्टाने त्या नोटा म्हणजे रोखेच असं ठरवलं. धंद्यासाठी पुष्कळ लोकांकडून नफ्याच्या आशेवर घेतलेली नोट तशी मोजली जाते. पण तुमच्यासाठी त्याहून साधी गोष्ट आहे. एलएलसीत निदान मालमत्तेतला वाटा असतो. बिनतारणाच्या नोटेत दादांच्या सहीपलीकडे काही नाही. आठ टक्के देणाऱ्या प्रकल्पासाठी कोणी बारा टक्क्यांनी का पैसे उचलेल, हेही त्यांना विचारा.

ॲन्युइटीचं जग वेगळं आहे. विमा हा १९४५ च्या कायद्याने राज्यांवर सोपवलेला विषय. फिक्स्ड आणि इंडेक्स्ड ॲन्युइटी म्हणून राज्याच्या विमा खात्याकडे. न्यू जर्सीत डिपार्टमेंट ऑफ बँकिंग अँड इन्शुरन्स. व्हेरिएबल ॲन्युइटीत मात्र जोखीम घेणाऱ्याच्या अंगावर असते म्हणून १९५९ पासून ती रोखाही मानली जाते आणि तिथे एसईसीही येते. इंडेक्स्ड ॲन्युइटी आपल्याकडे ओढायचा प्रयत्न एसईसीने केला होता. २०१० मध्ये कोर्टाने तो नियम रद्द केला आणि त्याच वर्षी काँग्रेसने, काही अटींवर, ती राज्यांकडेच राहू दिली. त्यामुळे नाव शेअरबाजाराच्या निर्देशांकाचं, पण विकणाऱ्याकडे नुसतं विम्याचं लायसन्स असू शकतं. म्युच्युअल फंड विकून ॲन्युइटी घ्या, असा सल्ला द्यायला काही राज्यांत तेवढं लायसन्स पुरत नाही. तेही विचारून घ्या.

‘बाजार पडला तरी तुमचे पडत नाहीत’ हे खरं आहे, पण बाजार चढतो तेव्हाही वरून झाकण असतं, आणि लाभांश सहसा धरलेला नसतो. लवकर पैसे काढले तर सरेंडर चार्ज, बऱ्याचदा सात ते दहा वर्षं. आणि जुन्या ४०१-के मध्ये टॅक्स पुढे ढकलण्याचा फायदा आधीच आहे, ॲन्युइटीने त्यात भर पडत नाही. उलट जातं ते पाहा: ४०१-के वर १९७४ च्या ‘एरिसा’ या फेडरल कायद्याचं छत्र असतं, योजना चालवणाऱ्यांवर सभासदांचं हित पाहण्याचं बंधन असतं, वसुलीला येणाऱ्या घेणेकऱ्यांपासून भक्कम संरक्षण असतं. पैसे आयआरएत (स्वतःच्या नावाच्या निवृत्ती खात्यात) गेले की त्यातलं बरंच राज्याच्या कायद्यावर अवलंबून राहतं. विमा कंपनी बुडाली तर राज्यातल्या गॅरंटी असोसिएशनचा आधार असतो, मर्यादा राज्यागणिक वेगळी. एफडीआयसीशी, म्हणजे बँक ठेवींच्या फेडरल विम्याशी, त्याचा संबंध नाही आणि बहुतेक राज्यांत एजंटने तो आधार दाखवून पॉलिसी विकायला मनाई आहे. तुमच्या एजंटने तसं केलं असेल तर लक्षात ठेवा.

हलवायचंच ठरलं तर थेट एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत हलवा. चेक तुमच्या नवऱ्याच्या नावाने निघाला तर २० टक्के टॅक्सपोटी कापले जातात आणि ६० दिवसांत सगळी रक्कम, ते कापलेले २० टक्के पदरचे घालून, पुढे भरली नाही तर टॅक्स आणि दंड मागे लागतो. घेतल्यावर पस्तावा झाला तर ‘फ्री लुक’ची मुदत असते, राज्यानुसार साधारण १० ते ३० दिवस. जुनं खातं स्वस्त फंडांचं असेल तर मी ते आहे तिथेच ठेवीन. त्याच खात्यातून ‘सेल्फ-डायरेक्टेड आयआरए’ (पैसे कुठे घालायचे ते आपणच ठरवायचं असं खातं) काढून एलएलसीत टाका असंही कोणी सुचवेल; ती आयआरए सांभाळणारी कंपनी सौदा तपासत नाही, हे तेव्हा आठवा.

इतर वाचकांसाठी, उरलेलं झटपट. बँकेतली ठेव: एफडीआयसी, एका बँकेत एका प्रकारच्या मालकीला माणशी २ लाख ५० हजारांपर्यंत, क्रेडिट युनियनला तसंच संरक्षण एनसीयूए या फेडरल संस्थेचं. ब्रोकरकडचे शेअर: ब्रोकर बुडाला तर एसआयपीसी या संरक्षण संस्थेकडून ५ लाखांपर्यंत, त्यात रोख अडीच लाख, भाव पडला तर काहीच नाही. सल्लागार साधारण १० कोटी डॉलरांहून अधिक पैसा सांभाळत असेल तर एसईसीकडे नोंदलेला, कमी असेल तर बहुधा राज्याकडे. सोन्याची नाणी, वळी हातात घेतली तर रोख्यांचा कायदा सहसा लागतच नाही. फसलात तर ग्राहक संरक्षणाचा राज्य कायदा आणि वायद्यांच्या बाजारावर नजर ठेवणारा फेडरल आयोग. सरकारी ट्रेझरी बिलाच्या व्याजावर राज्याला आयकर लावता येत नाही, आणि म्युनिसिपल बाँडच्या व्याजावर सहसा फेडरल कर नसतो.

आता पुन्हा ताई, तुमच्याकडे. तुमच्या ६० हजारांचं माझं उत्तर कंटाळवाणं आहे: मुलीच्या पहिल्या दोन वर्षांची रक्कम ट्रेझरी बिलं किंवा बँकेच्या सीडीमध्ये (मुदत ठेवीत). कॉलेजच्या खर्चासाठी बचतीची जी ५२९ योजना असते, तिच्यात न्यू जर्सी २०२२ पासून १० हजारांपर्यंत वजावट देते, पण २ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना, म्हणजे ती तुम्हाला नाही. पैशाच्या वाढीवर फेडरल करमाफी मात्र आहे. अपार्टमेंटमध्ये पैसे हवेतच अशी मिस्टरांची इच्छा असेल, तर बाजारात नोंदलेले आरईआयटी, म्हणजे जागांमध्ये पैसे घालणाऱ्या कंपन्यांचे शेअर, आहेत. त्यांचा हिशेब जाहीर असतो, करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग वाटावा लागतो, आणि शंभर-दोनशे डॉलरांनी सुरुवात करून नको वाटल्यास त्याच आठवड्यात विकता येतात. भाव खालीवर होतात, पण ते डोळ्यांदेखत होतात.

आणि नाती. तुम्ही गृहीत धरलंय की कागद मागणं म्हणजे अविश्वास. मग हेच दादा घर घेताना टायटल सर्च करतात, गाडी घेताना जुना रिपोर्ट काढतात, तेव्हा कोणाचा अपमान करतात? भीती खरी आहे, मला ती समजते; गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात समोरासमोर यायचं असतं. म्हणून फोनवर बोलण्यापेक्षा लिहून पाठवा आणि दोघांच्या नावाने पाठवा. असं काहीतरी: ‘दादा, आम्ही दोघांनी नियम केलाय की कुठेही पैसे घालायच्या आधी कागद वाचायचे. एलएलसीचं पूर्ण नाव, फॉर्म डी, ऑफरिंगचं माहितीपत्र, ऑपरेटिंग ॲग्रीमेंट आणि मागच्या प्रकल्पांचे हिशेब पाठवाल का? तुम्हाला यात काही कमिशन आहे का, तेही सांगा. आम्ही ॲक्रेडिटेडमध्ये बसत नाही, त्यामुळे तिथे खूण करता येणार नाही.’ शेवटचं वाक्य बहुधा प्रश्न तिथेच मिटवेल, आणि नकार तुमचा राहणार नाही, नियमाचा होईल. कागद आनंदाने आले तर दादांबद्दल चांगलं काही कळेल. ‘आपल्यात काय कागद’ असं उत्तर आलं, किंवा शुक्रवारपर्यंतच जागा आहेत अशी घाई झाली, तर तेही कळेल.

मिस्टरांशी बोलताना मात्र दादा चांगले की वाईट यावर वाद घालू नका, तो कधी संपत नाही. फॉर्म डी समोर ठेवा आणि सहावं, बारावं आणि सोळावं कलम एकत्र वाचा.

ग्रुपवरच्या ज्यांनी आधीच पैसे दिले आहेत, त्यांच्यासाठी: नोंदणी किंवा वैध सूट नसताना विकलेल्या रोख्याचे पैसे व्याजासह परत मागायचा हक्क फेडरल कायद्यात आहे आणि बहुतेक राज्यांतही आहे. ‘मी सगळे हक्क सोडतो’ असं करारात लिहून घेतलं असलं तरी त्याने तो जात नाही. मुदत मात्र थोडी असते. नोंदणी नसल्याच्या कारणावरून फेडरल दावा एका वर्षाच्या आत करावा लागतो. वाटप थांबलंय, फोन उचलत नाहीत, हिशेब येत नाही, असं असेल तर आणखी एका तिमाहीची वाट पाहत बसू नका. व्हॉट्सॲपचे मेसेज, पैसे पाठवल्याच्या पावत्या, सही केलेले कागद एका फोल्डरमध्ये काढून ठेवा, सिक्युरिटीजचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा आणि आपल्या राज्याच्या कार्यालयात तक्रार करा. तक्रारीला पैसे लागत नाहीत.